चावी कोणाच्या खिशात?

(जिल्हा बैठकीतील भाषणाचे शब्दांकन)



कापसाच्या भावावर पुढचे वक्ते बोलणार आहेत. मला एक हिशेब द्यायचा आहे. गेल्या हंगामात आपल्या गटाचे पैसे गेले. काहींना वाटते बँकेची चूक झाली. बँकेची नाही, चूक माझ्या हातून झाली.

गटाने रुईच्या गाठी बाहेरच्या व्यापाऱ्याला विकल्या. ट्रक गेला, बिल ईमेलने गेले. आठ दिवस झाले तरी पैसे नाहीत. फोन केला तर तो म्हणाला, "साहेब, पैसे तर सोमवारीच टाकले. खाते बदलले म्हणून तुमचाच ईमेल आला होता." ईमेल खरोखरच आपल्या पत्त्यावरून गेला होता, लिहिणारा मात्र दुसराच. त्याच्या दोन आठवडे आधी मला निरोप आला होता : 'मेलची जागा भरली, पासवर्ड टाकून वाढवून घ्या.' रात्री सभेहून आल्यावर डोळ्यांवर झोप असताना मी तो टाकला. बियाण्याच्या पिशवीवरचे लेबल वाचून घ्या असे गावोगाव सांगत फिरणारा माणूस मी, आणि निरोप कोणाच्या पत्त्यावरून आला तेवढे वाचले नाही.

तुम्ही गुलाबी बोंडअळी पाहिली आहे. २०१७ साली विदर्भाने तिचा मार खाल्ला. बोंड बाहेरून हिरवेगार दिसते, वेचणीला हात घातला की आत किडकी सरकी. पण फुलोऱ्यात डोमकळी दिसते, ती ज्याने ओळखली तो वाचतो. खात्याच्या डोमकळ्याही ठरलेल्या आहेत. आपण न लिहिलेले पत्र 'पाठवलेले' मध्ये दिसते. नेहमीचा पासवर्ड चालत नाही. 'नवीन फोनवरून प्रवेश झाला' अशी सूचना येते. ओळखीचा माणूस विचारतो, "भाऊ, पैसे कायले मागितले?" आणि कधी यातले काहीच दिसत नाही, नुसती येणारी पत्रे बंद होतात. आपले तसेच झाले. चोराने खात्यात एक नियम लावून ठेवला होता : 'बिल', 'पेमेंट' असा शब्द असलेले पत्र त्याच्याकडे जावे आणि आपल्याकडून कचऱ्यात पडावे. मी पासवर्ड बदलला, तरी तो नियम दोन दिवस चालूच होता.

कोणी म्हणेल, मी कुठे ईमेल करतो? तुमच्या खिशातला फोन काढा. ॲण्ड्रॉइड असेल तर फोन घेताना त्यात जीमेलचे खाते उघडले गेलेच असणार. कोणी उघडले? दुकानदाराने, नाहीतर भाच्याने. पासवर्ड त्याला माहीत, आणि खाते परत मिळवण्याचा नंबर, ज्याला रिकव्हरी नंबर म्हणतात, तोही बहुधा त्याचाच. घर तुमचे, चावी त्याच्या खिशात. तो माणूस वाईट आहे असे मी म्हणत नाही. पण २०२५-२६ च्या हंगामात सीसीआयला हमीभावाने कापूस द्यायला 'कपास किसान' ॲपवर नोंदणी लागली. लांब धाग्याचा हमीभाव होता ८११० रुपये. भावाचा रस्ता फोनमधून जाऊ लागला, तेव्हा फोनची चावीही आपल्याकडेच हवी.

रिकव्हरीची जागा किती नाजूक आहे ते भीमा-कोरेगाव खटल्यात दिसले. आरोपींच्या वकिलांनी आर्सेनल कन्सल्टिंग या अमेरिकन संस्थेकडून तपासणी करून घेतली. तिच्या २०२१ च्या अहवालानुसार, १३ जून २०१६ रोजी रोना विल्सन यांना कवी वरवरा राव यांच्या खात्यावरून ईमेल आला. त्यातली फाइल उघडताच संगणकाचा ताबा परक्याकडे गेला. ईमेल पाठवणारा राव नव्हेच, खाते वापरणारा भलताच कोणी. पुढे, २०१८-१९ मध्ये या प्रकरणातल्या तिघांच्या खात्यांत रिकव्हरीचा ईमेल आणि फोन नंबर बाहेरून टाकला गेला होता, असे 'वायर्ड' मासिकाने जून २०२२ मध्ये छापले. तपास यंत्रणेला आर्सेनलचे निष्कर्ष मान्य नाहीत, निवाडा न्यायालय करील. आपल्याला घेण्यासारखे एवढेच, की ओळखीच्या पत्त्यावरून आलेले पत्र ओळखीच्याच माणसाचे असते असे नाही.

आता करायचे काय? संशय आला की पहिल्यांदा दुसरा, चांगला फोन घ्या. त्यावरून पासवर्ड बदला, नवा पासवर्ड दुसरीकडे कुठेही वापरलेला नको. मग 'सर्व उपकरणांतून बाहेर पडा' करा. मग रिकव्हरी नंबर, रिकव्हरी ईमेल आणि ते पत्र वळवणारे नियम बघा. इथेच लोक कंटाळतात आणि चोर आत राहतो. शेवटी दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा. पासवर्डच चालत नसेल तर गूगलच्या खाते परत मिळवण्याच्या पानावर जा, नेहमीच्या फोनवरून आणि नेहमीच्या जागेवरून. चोराने रिकव्हरी नंबर बदलला असला तरी जुन्या नंबरावर सात दिवसांपर्यंत कोड मिळू शकतो. तेव्हा 'सोंगणी आटोपू द्या, मग बघू' म्हणू नका.

पैसे गेले असतील तर आधी १९३० वर फोन आणि बँकेला खबर, बाकी सारे नंतर. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत थोपवता येतात, मी आठवा दिवस उजाडू दिला. आणि ज्यांच्या-ज्यांच्याशी पत्रव्यवहार आहे त्यांना त्याच दिवशी सांगा. याची लाज वाटते, मलाही वाटली. त्या लाजेपायी मी दोन दिवस गप्प बसलो, तेवढ्यात आणखी एका व्यापाऱ्याला तसेच पत्र गेले. त्याने फोन करून विचारले म्हणून ते पैसे वाचले.

तेव्हापासून गटाचा नियम असा : खाते नंबर बदलल्याचे पत्र आले, कोणाचेही असो, माझे असले तरी, जुन्या नंबरावर फोन करून आवाज ऐकल्याशिवाय पैसा हलणार नाही.

बँकेने थोपवलेली रक्कम परत आली आहे. कोणाच्या वाट्याला किती येते आणि किती बाकी राहते, ती यादी दाराजवळ लावली आहे. चूक दिसली तर आजच सांगा. आणि जेवणाच्या सुटीत आपली दोन पोरे तिथेच बसतील, फोनमधला रिकव्हरी नंबर कोणाचा आहे तो त्यांच्याकडून पाहून घ्या. पासवर्ड मात्र त्यांनाही सांगू नका.