बैल सोडलेला घाणा
(डँडेनॉन्ग येथे वर्धापनदिनाच्या तयारीनिमित्त केलेले भाषण)



वर्धापनदिनासाठी समाजाचे निशाण शिवायचे, पण त्यावर काय काढावे, यावर आम्हा बायकांत महिनाभर वाद चालला आहे. कुणी गलबत म्हणते, कुणी मलिद्याचे ताट. म्हणून आज याच देशातील एका झेंड्याची हकीगत सांगणार आहोत.

ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला, न्यू गिनीच्या अलीकडे, टॉरेस सामुद्रधुनीची बेटे आहेत. १९९२ साली तेथे झेंड्यासाठी स्पर्धा झाली आणि थर्सडे बेटाचे बर्नार्ड नमोक यांचे चित्र निवडले गेले. वर-खाली हिरवे पट्टे म्हणजे जमीन, मध्ये रुंद निळा म्हणजे समुद्र, आणि दोहोंमधल्या बारीक काळ्या रेघा म्हणजे माणसे. माणसांनी स्वतःला इतकीच जागा घेतली, हे आम्हाला फार आवडले. मधोमध पांढरी 'धारी', म्हणजे नाचताना डोक्यावर घालतात ते शिरोभूषण. खाली पाच टोकांचा तारा. टोके बेटांच्या पाच गटांची. शिवाय हे लोक दर्यावर्दी, ताऱ्यांवरूनच वाट काढणारे. नमोक १९९३ साली तरुणपणीच वारले. १४ जुलै १९९५ रोजी सरकारने या झेंड्याला, आणि हॅरल्ड थॉमस यांच्या १९७१ च्या काळ्या-तांबड्या-पिवळ्या आदिवासी झेंड्यालाही, मान्यता दिली.

आम्ही नोकरीत असताना वॉर्डात या बेटांवरची एक आजी होती. ती बोलेचना. चार्टवर 'सहकार्य करीत नाही' असे लिहून आम्ही मोकळ्या झालो. तिसऱ्या दिवशी छातीवर त्या झेंड्याचा बिल्ला लावलेली एक बाई आली. आजीने बिल्ल्याला बोट लावले आणि बोलू लागली. तीन दिवस तिचे पोट दुखत होते! आम्हाला फार लाज वाटली. इकडे नवीन आलो तेव्हा "हिंदुस्थानातले ज्यू? ते कसे?" असे आम्हालाही विचारीत, आणि उत्तराला थांबत नसत.

आता आपले निशाण. नवगावच्या किनाऱ्याला लागलेले गलबत ही आपली परंपरा खरी, पण ते फुटलेले, ते नको. मलिदा घरचा, देवाच्या नावाचा. तो ताटातच बरा. आमचे मत घाण्याला. कोकणात आपण तेल गाळले, शनिवारी घाणा बंद ठेवला, म्हणून शनवार तेली झालो. तेव्हा घाणा काढावा, पण बैल सोडलेला. पाहणारा विचारीलच, "बैल कुठे गेला?" मग त्याला बसवून सांगता येईल.

कापड आणले आहे. शिवण येणाऱ्यांनी रविवारी दुपारी आपापली कात्री घेऊन यावे.