खोली सुटण्याआधी



भाडेकरूंचे प्रश्न एका सत्रात आणि बेघरांचे दुसऱ्या सत्रात, अशी वाटणी परिषदांमध्ये नेहमीच होत आली आहे. मुंबईच्या रस्त्यावर ही वाटणी टिकत नाही. गोवंडीतल्या खोलीचं भाडं थकवून बसलेलं कुटुंब आणि भायखळ्याच्या पुलाखाली ताडपत्री बांधून राहणारं कुटुंब, ही बरेचदा एकाच घराची वर्षभराच्या अंतरानं दिसणारी दोन रूपं असतात. आजारपण येतं, काम सुटतं, थकलेलं भाडं डिपॉझिटमधून कापलं जातं आणि पुढच्या खोलीसाठी लागणारी रक्कम काही केल्या उभी राहत नाही. शहराची मदत पोहोचायला हवी ती नेमकी या टप्प्यावर, आणि इथेच ती पोहोचत नाही.

कायद्यात आधार अजिबात नाही, असं नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 चा. 31 मार्च 2000 पासून तो लागू आहे. त्याच्या कलम 55 नुसार करार लेखी करणं आणि त्याची नोंदणी करणं ही जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल आणि अटींवरून वाद झाला, तर मालक उलट सिद्ध करेपर्यंत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. भाडं घेतलं की पावती द्यावीच लागते. पाणी किंवा वीज तोडून भाडेकरूला हुसकावता येत नाही. पण वस्त्यांमधले बहुतेक व्यवहार तोंडी होतात आणि पावती मागणाऱ्याला खोली खाली करायला सांगितलं जातं. अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्याची बाजू तर आणखी लंगडी. मुदत संपल्यावर तो निघाला नाही, तर दुप्पट भाड्याचा बोजा त्याच्यावर बसू शकतो.

वकिलाचंही तसंच. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 चा. त्यातल्या कलम 12 प्रमाणे कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदत मिळण्याचा हक्क आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या माणसांना आणि अपंगांनाही आहे. खोली खाली करण्याची नोटीस हातात आलेल्या बाईला हे सांगणारं जवळपास कुणी नसतं. न्यूयॉर्क शहरानं 2017 मध्ये कायदा करून कमी उत्पन्नाच्या भाडेकरूला घर खाली करण्याच्या दाव्यात सरकारी खर्चानं वकील देण्याचं ठरवलं. असा वकील मिळालेल्यांपैकी बहुतेकांची घरं टिकली. मुंबईत हक्क त्याच्याही कितीतरी आधीपासून कागदावर आहे. कमी पडतं ते त्या बाईला प्राधिकरणापर्यंत नेणारं माणूस.

खोली सुटल्यावर जे होतं, त्याची कहाणी 1981 च्या पावसाळ्यापासून सांगायला हवी. त्या जुलैमध्ये तत्कालीन मुख्यमंत्री बॅ. अ. र. अंतुले यांनी फुटपाथवासीयांना हटवून शहराबाहेर पाठवण्याचा निर्णय जाहीर केला. त्याविरुद्ध पत्रकार ऑल्गा टेलिस आणि स्वतः फुटपाथवर राहणारी माणसं सर्वोच्च न्यायालयात गेली. सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या घटनापीठानं 10 जुलै 1985 रोजी निकाल दिला. जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, हे त्यात मान्य झालं. माणूस फुटपाथवर राहतो तो काम जवळ असतं म्हणून, हेही न्यायालयानं समजून घेतलं. तरीही पावसाळा सरल्यावर झोपड्या काढण्याची मुभा पालिकेला मिळालीच. देशभरच्या विधी महाविद्यालयांत हा निकाल शिकवला जातो. ज्यांच्यासाठी तो लढला गेला, त्यांच्या पदरात मात्र फार थोडं पडलं.

निकालाच्या त्याच वर्षी ‘स्पार्क’ या संस्थेनं भायखळा परिसरातल्या फुटपाथवासीयांची पाहणी केली आणि पुढे तिथल्याच बायकांनी ‘महिला मिलन’ उभारलं. रोजच्या कमाईतून थोडी बचत करणाऱ्या या बायकांनी कापड आणि पुठ्ठ्यातून घराचे नमुने उभे केले. आपल्याला किती जागा लागते, याचा हिशोब त्यांनी स्वतः मांडला.

आता निवाऱ्यांबद्दल. दर लाख शहरी लोकसंख्येमागे चोवीस तास उघडं असणारं एक निवारा केंद्र हवं, असा निकष आहे. माणशी किमान 50 चौरस फूट जागा, पाणी, शौचालय, स्वयंपाकाची सोय. मुंबईची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत 1 कोटी 24 लाख होती, म्हणजे 120 हून अधिक केंद्रं हवीत. तेवढी कधीच उभी राहिली नाहीत. त्याच जनगणनेनं मुंबईत 57 हजारांवर बेघर मोजले. रात्री रस्त्यावर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना हा आकडा फार कमी वाटतो.

पत्ता नसलेल्या माणसाला शोधता येत नाही, हे उत्तर इथे चालणार नाही. निवडणूक आयोगाची पद्धत पाहा. बेघर माणसानं मतदार नोंदणीचा अर्ज केला, तर मतदान केंद्रस्तरीय अधिकारी रात्री त्या जागी जातो, एकाहून अधिक वेळा जातो, माणूस खरोखर तिथेच झोपतो याची खात्री करतो. मग राहण्याचा दुसरा पुरावा लागत नाही. मतासाठी जो पत्ता चालतो, तो रेशनकार्डासाठी आणि मुलाच्या शाळाप्रवेशासाठीही चाललाच पाहिजे.

म्हणून या परिषदेनं दोन मागण्या पालिकेपुढे ठेवाव्यात. प्रत्येक वॉर्ड ऑफिसात एकच खिडकी असावी, जिथे नोटीस आलेला भाडेकरूही जाईल आणि फुटपाथवरचा माणूसही, आणि तिथे विधी सेवा प्राधिकरणाचा वकील ठरलेल्या दिवशी बसेल. दुसरी मागणी अतिक्रमण विरोधी पथकाच्या गाडीबद्दल. गाडी येते तेव्हा भांडी, स्टोव्ह आणि ताडपत्रीबरोबर प्लास्टिकच्या पिशवीतलं आधार कार्ड आणि मुलांचे शाळेचे दाखलेही उचलले जातात. तिथल्या तिथे पंचनामा व्हावा, कागद त्याच क्षणी परत मिळावेत आणि उचललेल्या सामानाची पावती त्या कुटुंबाच्या हातात पडावी.