म्हातारी मांजर आणि तिचं पोट



शेळ्या-कोंबड्यांवर आपण नेहमी बोलतो. आज मांजरीबद्दल बोलायचं आहे, आणि तेही म्हाताऱ्या मांजरीबद्दल. हसू नका. आपल्या जामसरच्या बाजूला पाड्यापाड्यावर भाताच्या, नागलीच्या कणग्या असतात. त्यांची राखण कोण करतं? उंदीर कणगीत शिरला की खातो थोडं आणि नासतो जास्त. त्याच्या मुतातून माणसाला लेप्टोचा ताप येतो, तो वेगळाच. दहा-बारा वर्षं जिनं ही राखण केली ती मांजर म्हातारी झाली की घरात ओकायला लागते, चुलीमागे घाण करते. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, पोत्यात घाला आणि नदीपलीकडे सोडून या. मांजर मारली तर सोन्याची मांजर काशीला न्यावी लागते, असं जुनी माणसं सांगतात, म्हणून मारत कुणी नाही. पण दात पडलेली मांजर रानात सोडायची म्हणजे दुसरं काय झालं?

आणि पुष्कळदा दुखणं एवढंच असतं, की आपण तिच्यापुढे जे ठेवतो ते तिला आता सोसत नाही.

मांजर डोळे मिटून दूध पिते, अशी म्हण आहे. पिते हे खरं, पण पचतं का? पिल्लू आईच्या अंगावर पीत असतं तोवर दुधातली साखर फोडणारा रस त्याच्या आतड्यात भरपूर असतो. पुढे बहुतेक मांजरींमध्ये तो कमी होत जातो. मग ती साखर न पचता पुढे सरकते, आतड्यात पाणी ओढून घेते, आंबते. पोट गुडगुडतं, वारा धरतो, पातळ होतं. तरण्या मांजरीला वाटीभर दूध कसंबसं निभतं, म्हातारीला चमचाभरसुद्धा भारी पडतं. म्हणून ज्या म्हाताऱ्या मांजरीला वरचेवर हगवण लागते तिचं दूध आधी बंद करा. चहात उरलेलं, भाकरीवर ओतलेलं, सगळं बंद. या औषधाला पैसे लागत नाहीत. आठ-दहा दिवसांत काहीजणींची तक्रार इथेच संपेल.

दुसरी गोष्ट आपल्या पावसाळ्याची. चार महिने पाऊस कोसळतो, मांजर चुलीपाशी बसून असते, आणि घरात सुकट, जवळा, बोंबील हेच कालवण. तिच्या वाट्यालाही तेच येतं, डोकी आणि शेपट्या. त्यात मीठ किती असतं ते तुम्ही जाणता. म्हातारपणी मांजरीचे मूत्रपिंड, म्हणजे लघवी तयार करणारे अवयव, थकलेले असतात. खारट खाणं त्यांना झेपत नाही. सुकट द्यायचीच तर आदल्या रात्री भिजवून, पाणी दोनदा बदलून, उकडून थोडीशी द्या. रस्सा मात्र अजिबात नको. मिरचीमुळे पोटात आग होते हे आपल्याला कळतं. पण खरा घात कांदा आणि लसूण करतात. त्यांनी मांजरीच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. कच्चा असो की शिजलेला, दोन्ही वाईट. घरात मासळी किंवा कोंबडी शिजते त्या दिवशी मीठ-मसाला पडण्याआधी तिचा वाटा बाजूला काढा. शिजलेलं हाडूक देऊ नका, ते टोकदार फुटतं आणि घशात किंवा आतड्यात अडकतं.

भाकरीबद्दलही सांगते. कुत्रा भाकरीवर बराच काळ निभावतो, मांजर नाही. तिचं शरीर मांसावर चालणारं आहे. टॉरिन नावाचा एक घटक तिला खाण्यातूनच मिळावा लागतो, आणि तो मांस-मासळीत असतो, नागलीत किंवा भातात नसतो. तो फार दिवस मिळाला नाही तर डोळे जातात, हृदय कमजोर होतं. तरणी मांजर उंदीर धरून ही कमतरता भरून काढते. म्हातारीला उंदीर धरवत नाही, आणि आपण तिला भाकरी कुस्करून घालतो.

आता थोडं अवघड आहे ते ऐका. दूध सोसत नाही ही एक गोष्ट. काही मांजरींना एखादं मांस किंवा मासळीच वावडी होते. आपल्याला वाटतं, ‘इतकी वर्षं हेच खात आली, याचा त्रास कसा होईल?’ होतो. वावडं बहुतेक वेळा रोजच्याच खाण्याचं निघतं. खाल्ल्यावर ओकणं, पुन्हा पुन्हा पातळ होणं, आणि काहींना डोकं-मान खाजवून खाजवून जखमा. ओळखायची रीत एकच. जी गोष्ट तिनं सहसा खाल्लेली नाही ती निवडायची. नेहमी मासळी खाणारीला उकडलेलं अंडं, नाहीतर बिनमसाल्याची, हाडं काढलेली उकडलेली कोंबडी. जुनं एकदम तोडू नका. चार-पाच दिवसांत जुनं कमी करत नवं वाढवा. मग दोन-तीन आठवडे तेवढंच आणि पाणी, दुसरं काही नाही. पोटाचा फरक एवढ्यात दिसतो. खाज थांबायला दोन महिनेही लागतात. पोट सुधारलं की जुनं खाणं एकदा थोडं देऊन बघा. पुन्हा ओकली तर चोर सापडला.

एका आजीला लिहिता येत नव्हतं. तिनं चुलीमागच्या भिंतीवर कोळशानं खुणा केल्या. ओकली की उभी रेघ, पातळ झालं की आडवी. पहिल्या आठवड्यात भिंत काळी झाली होती. तिसऱ्या आठवड्यात दोनच रेघा होत्या. मग तिनं मूठभर जवळा घातला आणि दुसऱ्या दिवशी चार रेघा. यापेक्षा चांगली वही मला ठाऊक नाही.

हा प्रयोग फसतो तो मांजरीमुळे नाही, माणसांमुळे. मांजर चार घरं फिरते. शेजारची पोरं तिला भाकरीचा तुकडा टाकतात, आजोबा चुपचाप बोंबलाचं डोकं टाकतात. म्हणून बचत गटाच्या बैठकीत सांगून ठेवा, की तीन आठवडे आमच्या मांजरीला कुणी काही घालू नका. लाजायचं काय त्यात?

तीन किलोच्या मांजरीला दिवसाला शिजलेलं मांस सव्वाशे ग्रॅम पुरतं. एकदम नाही, चार वेळा थोडं थोडं, कोमट करून, बोटांनी कुस्करून. म्हातारीचे दात हलतात, हिरड्या सुजतात. भूक असून ती तोंड मागे घेते आणि आपण म्हणतो नखरे करते. पाणी दोन-तीन ठिकाणी ठेवा, तिच्या खाण्यापासून जरा लांब. प्रयोग संपला आणि काय सोसतं ते कळलं, की एकाच गोष्टीवर वर्षभर ठेवू नका. अंडं, नदीची मासळी काटे काढून, कोंबडीचं हृदय, कधीतरी बोटभर कलेजी, असं बदलत द्या. आणि लंघन नको. आपलं पोट बिघडलं तर एक दिवस उपास चालतो. मांजर दोन दिवस काहीच खाल्लं नाही तर तिच्या यकृतावर चरबी चढते आणि जीवावर बेततं.

महिन्यात एखाद्या वेळी केसांचा गोळा ओकला तर घाबरू नका, अंगावरून जुना कंगवा फिरवत जा. पण काही खुणा खाण्याच्या नसतात. भरपूर खाते तरी वाळत चालली आहे. सारखी पाण्यावर जाते आणि मुतते खूप. शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे चिकटलेले दिसतात, म्हणजे पट्टकृमी आहे, उंदरातून आणि पिसवांतून येतो. ओकारीत किंवा शेणात रक्त आहे. महिन्यातून एकदा तिला पिशवीत घालून दुकानाच्या काट्यावर तोला. साडेतीन किलोची मांजर अर्धा किलो उतरली, तर ते पंचावन्न किलोची बाई आठ किलो उतरल्यासारखं आहे. बोक्याचं वेगळं सांगते. तो कुंथत बसला असेल तर शौचाला होत नाही असं समजून एरंडेल पाजू नका. लघवी अडकलेली असू शकते. थेंबही येत नसेल तर त्याच दिवशी दवाखाना, नाहीतर एक-दोन दिवसांत बोका हातचा जातो. घरात उंदराचं औषध टाकलं असेल आणि मांजर ओकू लागली, तरीही तसंच पळा, आणि औषधाचं पाकीट सोबत न्या.

घरातली गोळी देऊ नका. तापावरची पॅरासिटामॉल प्रत्येक घरात असते. तिची एक गोळी मांजरीचा जीव घेऊ शकते, कारण ती पचवण्याची ताकद मांजरीच्या यकृतात नसते. शेळीचं जंताचं औषध अंदाजानं पाजू नका, गुरांचं गोचिडाचं औषध तिच्या अंगाला लावू नका. ती अंग चाटते, सगळं पोटात जातं. जंताचं औषध वजनावर ठरतं, ते जव्हारच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारूनच घ्या. जाणं जमत नसेल तर १९६२ या जनावरांच्या टोल फ्री क्रमांकावर आधी विचारा. नेताना टोपलीवर फडकं बांधा, आणि त्या भिंतीवरच्या रेघा मोजून जा. डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतील, ‘किती दिवसांपासून?’

शेवटी दिवाळीनंतरचं. आपल्यातली कितीतरी घरं तेव्हा कुलूप लावून भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर जगायला जातात. मांजर घराशी बांधलेली, ती मागे राहते, आणि म्हातारी आजी-आजोबा किंवा शेजारीण तिला सांभाळते. तुम्ही नसताना तिला दूध-भाकरी घातली जाईल, प्रेमानंच. म्हणून निघायच्या आधी शेजारणीला घरात बोलवा. मांजर काय खाते ते एकदा तिच्यासमोर वाढून दाखवा. काय द्यायचं नाही ते तीन शब्दांत सांगा: दूध, खारं, कांदा-लसूण. अंडी देणारी एक कोंबडी तिच्याकडे ठेवून जा. आणि भिंतीपाशी कोळशाचा तुकडा ठेवा.