नवे नगर आणि जुने भूमिपुत्र



वाढत्या शहराचे वर्णन करताना पूल, रुंद रस्ते, रेल्वेस्थानके आणि उत्तुंग इमारती यांची गणना करण्याचा प्रघात आहे. ही गणना आवश्यकच आहे. परंतु प्रत्येक इमारतीखाली एक जमीन असते, आणि त्या जमिनीच्या सातबाऱ्यावर कधीकाळी कोणाचे तरी नाव असते. नगरविकासाचा हिशेब मांडताना त्या नावाचे पुढे काय झाले, हेही पाहावे लागते. नवी मुंबईचा अर्धशतकाहून अधिक काळाचा इतिहास या दृष्टीने अत्यंत उद्बोधक आहे.

संकल्पनेचा उगम

स्वातंत्र्यानंतर मुंबईची लोकसंख्या झपाट्याने वाढू लागली. बेटाच्या दक्षिण टोकाला कचेऱ्या, उत्तरेला वस्ती आणि दोहोंमध्ये गर्दीने ओसंडणाऱ्या आगगाड्या, असे शहराचे स्वरूप झाले. १९५८ मध्ये नेमलेल्या स. गो. बर्वे समितीने ठाणे खाडीवर पूल बांधून पलीकडच्या भूमीचा विकास करण्याची दिशा दाखविली. पुढे अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने संपूर्ण प्रदेशाच्या एकत्रित नियोजनाचा आग्रह धरला. १९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी ‘मार्ग’ या नियतकालिकातून खाडीच्या पूर्वेस नवे जुळे शहर वसविण्याची कल्पना सविस्तर मांडली. १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम हा या कार्याचा कायदेशीर पाया ठरला. १७ मार्च १९७० रोजी सिडको, म्हणजे शहर व औद्योगिक विकास महामंडळ, स्थापन झाले आणि पुढील वर्षी नव्या शहराची जबाबदारी त्याच्याकडे सोपविण्यात आली.

हे क्षेत्र सुमारे ३४४ चौरस किलोमीटरचे. त्यात ठाणे आणि तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्यातील ९५ गावे. निम्म्याच्या आसपास जमीन खाजगी मालकीची होती. आगरी, कोळी व कराडी समाजाची येथे जुनी वस्ती. भरतीचे पाणी शेतात शिरू नये म्हणून पिढ्यान् पिढ्या बांध घालून राखलेली भातखाचरे, मिठागरे आणि खाडीतील मासेमारी ही त्यांच्या उपजीविकेची साधने होती. नकाशावर जी भूमी मोकळी दिसत होती, ती अशी कष्टाने राखलेली होती.

जमीन हेच भांडवल

नव्या शहरासाठी शासनाकडे अमर्याद पैसा नव्हता. सिडकोचा प्रारंभ सुमारे ४ कोटी रुपयांच्या भागभांडवलावर झाला. त्यामुळे योजनेचे अर्थशास्त्र जमिनीवरच आधारलेले होते. जमीन प्रथम सार्वजनिक ताब्यात घ्यावी, तिच्यावर रस्ते, पाणी व मलनिःसारण यांची सोय करावी, मग वाढीव किमतीस भूखंड द्यावेत आणि आलेल्या पैशातून पुढील सोयी उभाराव्यात, अशी ही पद्धती होती. सट्टेबाजाच्या खिशात जाणारा नफा शहराच्या उभारणीस लागावा, हा तिचा हेतू होता.

हा हेतू पुष्कळ अंशी सफल झाला, हे मान्य केले पाहिजे. १९७३ च्या सुमारास ठाणे खाडीवरील रस्तापूल वाहतुकीस खुला झाला. मुंबईतील घाऊक बाजार १९८० च्या दशकापासून टप्प्याटप्प्याने तुर्भे परिसरात आले आणि पोलादाचा बाजार कळंबोलीस गेला. १९८९ मध्ये न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. १९९२ मध्ये मानखुर्दहून वाशीपर्यंत रेल्वे धावली. या रेल्वेच्या खर्चाचा सुमारे दोन-तृतीयांश भार सिडकोने उचलला, आणि तो उचलणे शक्य झाले ते जमिनीच्या उत्पन्नामुळेच. सखल भागात भरती आणि पाऊस एकाच वेळी आल्यास पाणी साठवून ठेवणारे धारण तलाव येथे आधीच खोदण्यात आले. बेलापूर येथे कोरिया यांनी अंगणाभोवती लहान घरांची रचना केली व कुटुंबाच्या ऐपतीप्रमाणे घर वाढविण्यास वाव ठेवला. १ जानेवारी १९९२ पासून नवी मुंबई महानगरपालिकेचा कारभार सुरू झाला. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या ११ लाखांहून अधिक भरली.

सर्वच अपेक्षा पूर्ण झाल्या असे नाही. राज्यकारभाराचे मुख्य केंद्र खाडीपलीकडे जाईल, ही मूळ योजनेतील महत्त्वाची अपेक्षा होती. बेलापूरला कोकण भवन उभे राहिले. मंत्रालय मात्र जागचे हलले नाही आणि नरिमन पॉइंटवर बांधकाम होतच राहिले. मुंबईचा भार हलका करण्यासाठी योजिलेले शहर बराच काळ मुंबईच्या नोकरदारांचे निवासस्थान बनून राहिले.

सातबारा ते साडेबारा

योजनेच्या हिशेबात एक बाजू मात्र अपुरी राहिली होती. १८९४ च्या भूसंपादन कायद्यानुसार मोबदला ठरे तो अधिसूचनेच्या दिवशीच्या बाजारभावाने. नव्या शहरासाठी ती अधिसूचना निघाली १९७० च्या सुमारास, तेव्हा जमिनीला भाव होता तो भातशेताचा. पुढे पूल झाला, रस्ते झाले, बाजारपेठा आल्या आणि त्याच जमिनीचे मूल्य कित्येक पटींनी वाढले. वाढलेल्या मूल्यातून शहर उभे राहिले; परंतु ज्याच्या शेतावर ते उभे राहिले, त्या शेतकऱ्याचा त्या वाढीत वाटा नव्हता. हाती आलेली रक्कम घरखर्चात आणि मुलांच्या लग्नकार्यात संपली, शेत गेले आणि नव्या कारखान्यांत व कचेऱ्यांत हवे असलेले शिक्षण जवळ नव्हते, अशी अनेक कुटुंबांची अवस्था झाली.

या असंतोषाला वाचा फोडली ती जासईचे सुपुत्र दि. बा. पाटील यांनी. वकील, शेतकरी कामगार पक्षाचे नेते, पनवेलचे दीर्घकाळ आमदार आणि पुढे खासदार, असा त्यांचा सार्वजनिक जीवनाचा प्रवास होता. वाजवी मोबदला आणि विकसित जमिनीत वाटा, ही त्यांची मागणी होती. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यातील जासई-नवघर परिसरात आंदोलकांवर पोलिसांचा गोळीबार झाला आणि पाच शेतकरी मृत्युमुखी पडले. नवी मुंबईच्या इतिहासातील हा सर्वांत दुःखद प्रसंग होय. विकासाच्या कोणत्याही अहवालात त्याचा उल्लेख टाळता येणार नाही.

या बलिदानानंतर धोरण बदलले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकास देण्याची योजना १९९० मध्ये स्वीकारण्यात आली आणि १९९४ मध्ये तिची व्याप्ती वाढविण्यात आली. ज्याची एक एकर, म्हणजे चाळीस गुंठे, जमीन गेली, त्याच्या वाट्याला पाच गुंठे येऊ लागले. त्यातूनही सार्वजनिक सोयींसाठी वजावट होत असे. तरीही ही योजना देशात लक्षणीय ठरली, कारण शेतकरी हा केवळ नुकसानभरपाईचा धनी नसून शहराच्या भरभराटीचा भागीदार आहे, हे तत्त्व तिने मान्य केले.

भागीदारीचा वाढता अंश

पुढील धोरणांत हा अंश वाढत गेलेला दिसतो. सुमारे १,१६० हेक्टरांवरील आंतरराष्ट्रीय विमानतळासाठी ज्या गावांना स्थलांतर करावे लागले, त्यांच्याकरिता साडेबावीस टक्के विकसित जमिनीचे सूत्र ठरले, म्हणजे एकरामागे नऊ गुंठे. विमानतळाच्या प्रभावक्षेत्रासाठी २०१३ मध्ये ‘नैना’ हे क्षेत्र अधिसूचित झाले. तेथे नगररचना योजनांद्वारे चाळीस टक्के जमीन अंतिम भूखंडाच्या रूपाने मूळ मालकाकडेच ठेवण्याची पद्धत अवलंबिण्यात आली, म्हणजे एकरामागे सोळा गुंठे. विशेष म्हणजे नगररचना योजनेचे हे साधन नवे नाही. १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्यापासून ते या प्रांतात उपलब्ध होते.

पाच, नऊ आणि सोळा या तीन आकड्यांत एका धोरणाची वाटचाल सामावलेली आहे. अर्थात आकड्यांनी सर्व प्रश्न सुटत नाहीत. ज्याच्या नावावर जमीन होती, त्याला भूखंड मिळाला. परंतु मिठागरावर राबणारा मजूर, दुसऱ्याच्या शेतात खपणारी स्त्री आणि खाडीच्या पाण्यावर जगणारा कोळी यांच्या नावाचा सातबारा नव्हताच. भूखंड मिळालेल्या अनेकांनी तो हातोहात विकला आणि पुढे वाढलेली किंमत दुसऱ्याच्या पदरी पडली. वाढत्या कुटुंबांनी गावठाणालगत गरजेपोटी बांधलेल्या घरांचा प्रश्नही दशकानुदशके रेंगाळला. आखीव सेक्टरांच्या मधोमध दाटीवाटीने उभी असलेली जुनी गावे पाहिली, म्हणजे नियोजनाच्या रेषा कोठे थांबल्या होत्या, हे सहज लक्षात येते.

पुढील पर्व

आज खाडीपलीकडे विकासाचे नवे पर्व सुरू झाले आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये बेलापूर ते पेंधर मेट्रो सुरू झाली. जानेवारी २०२४ मध्ये सुमारे २१.८ किलोमीटर लांबीचा शिवडी-न्हावाशेवा अटल सेतू वाहतुकीस खुला झाला आणि त्याच महिन्यात उपनगरी रेल्वे उरणपर्यंत पोहोचली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. या विमानतळास दि. बा. पाटील यांचे नाव द्यावे, असा ठराव राज्य विधिमंडळाने २०२२ मध्येच केला होता. अटल सेतूच्या पलीकडे कर्नाळा-साई-चिरनेर या नावाने आणखी एक नवनगर योजिले असून त्यासाठी २०२४ मध्ये १२४ गावांचे क्षेत्र अधिसूचित झाले आहे.

या १२४ गावांतील शेतकरी आज जो प्रश्न विचारीत आहे, तोच १९७० मध्ये वाशी-बेलापूरच्या शेतकऱ्याने विचारला होता. त्या वेळी उत्तर मिळण्यास वीस वर्षे लागली आणि त्याची किंमत पाच जीवांनी मोजली. आता अनुभव गाठीशी आहे. मालकाचा वाटा पहिल्याच दिवशी ठरावा, भूमिहीनांची नोंद सातबाऱ्याबाहेर जाऊन व्हावी, तरुणांना नव्या उद्योगांचे शिक्षण जमीन जाण्यापूर्वी मिळावे आणि गावठाणाच्या वाढीला आराखड्यातच जागा असावी. एवढे झाले, तर नव्या नगराच्या रस्त्यावरून जाताना तेथील म्हाताऱ्या शेतकऱ्याला आपल्या नातवाला सांगता येईल, की येथे आपले शेत होते, आणि हे शहरही आपलेच आहे.