हरणाची शिकार आणि गोळीची निवड

भारतांत १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि १९९१ ची त्यांतील दुरुस्ती यांनीं हरणांच्या शिकारीचा अध्याय संपविला. स्कॉटलंडमध्यें मात्र ती आजहि चालते, आणि तिच्यामागें केवळ हौस नाहीं. तेथील डोंगरांतून लांडगा शतकांपूर्वींच नाहींसा झाला. हरणें बेसुमार वाढलीं कीं कोवळीं रोपें फस्त होतात आणि रान पुन्हां उभें राहत नाहीं. म्हणून दरवर्षीं कांहीं हरणें मारणें भाग पडतें. मारणें अटळ असेल, तर मरण तत्काळ यावें, एवढें तरी माणसाचें कर्तव्य उरतें. आणि तें नेमाइतकेंच काडतुसाच्या निवडीवर अवलंबून असतें.

नेम धरावयाचा तो खांद्यामागें, हृदय व फुप्फुसें यांवर. परंतु कठीण कवचाची गोळी तेथेंहि अरुंद भोंक पाडून आरपार निघून जाते. जखमी जनावर झाडींत शिरतें आणि मरण लांबतें. मऊ टोंकाची गोळी मात्र शरीरांत शिरतांच अळंब्यासारखी फुलते. जखम रुंद होते, रक्ताचा दाब एकदम उतरतो आणि हरिण थोड्याच वेळांत कोसळतें.

अशा फुलणाऱ्या गोळ्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्याजवळील डमडमच्या कारखान्यांत सैन्यासाठीं तयार होत, म्हणून त्यांना तेंच नांव पडलें. १८९९ सालीं हेग येथील परिषदेनें त्या युद्धांत निषिद्ध ठरविल्या. आणि हरणासाठीं स्कॉटलंडचा कायदा फुलणारीच गोळी सक्तीची करतो! ही विसंगति वरवरची आहे. युद्धांत शत्रूला निकामी करणें पुरें, त्याच्या यातना वाढविणें गैर; शिकारींत जनावर नुसतें जायबंदी करून सोडणें हेंच क्रौर्य.

नुसती फुलणारी गोळी असूनहि भागत नाहीं. १९८५ च्या आदेशानें मोठ्या लाल हरणासाठीं गोळीचें वजन निदान १०० ग्रेन, म्हणजे अर्ध्या तोळ्याहून किंचित् अधिक, नळीच्या तोंडाशीं वेग सेकंदाला २,४५० फूट आणि जोर १,७५० फूट-पौंड ठरविला. लहान रो हरणासाठीं ५० ग्रेन व १,००० फूट-पौंड पुरतात, वेग तोच. येथें हिशेब नीट केला पाहिजे. १०० ग्रेनची गोळी किमान वेगानेंच सुटली, तर तिचा जोर १,३३० फूट-पौंडांच्या आसपास भरतो, तो अपुरा. म्हणून गोळी जड तरी हवी, नाहींतर वेगवान तरी. ‘२४३ विंचेस्टर’ काडतुसांतील १०० ग्रेनची गोळी सामान्यतः २,९०० फुटांच्या वर वेगानें सुटते, व ती अट पुरी करते.

आतां आणखी एक प्रश्न पुढें आला आहे. शिशाची गोळी फुलतांना तिचे बारीक कण मांसांत विखुरतात. डोंगरावर टाकलेलीं आंतडीं खाणाऱ्या पक्ष्यांच्या पोटांत तें विष जातें, आणि मांस खाणारीं माणसेंहि त्यांतून सुटत नाहींत. तांब्याची गोळी बहुधा अखंड राहते. पण तांबें शिशाहून हलकें, म्हणून तेवढ्याच आकाराची गोळी वजनांत कमी भरते. ही अडचण ओळखून २०२३ सालीं १०० ग्रेनची अट ८० वर आणण्यांत आली. वेग व जोर यांच्या अटी मात्र कायम राहिल्या.

घोडा दाबल्यावर कांहींच हातांत राहत नाहीं. जी दया दाखवावयाची, ती काडतूस निवडतांनाच दाखवावी लागते.