श्रद्धा आणि घरचे संस्कार



माणूस आपला धर्म निवडतो, की तो त्याला घरातून लाभतो? बहुतेकांच्या बाबतीत उत्तर उघड आहे : ज्या घरी जन्म, त्या घरचा देव. परंतु संस्कारांचे काम एवढ्यावर संपत नाही. काय मानावे हे तर ते ठरवितातच. पण ‘मानणे’ म्हणजे काय, हेही तेच ठरवितात. मेघालयातील खासी समाजाकडे पाहिले म्हणजे हे स्पष्ट होते.

खासी लोक आपल्या परंपरागत धर्माला ‘नियाम’ म्हणतात. त्याची शिकवण थोडक्यात अशी : सचोटीने कमवावे, माणसाला जाणून देवाला जाणावे, आईकडचे आणि बापाकडचे नातलग जाणावेत. येथे भर आहे तो ‘तिप’ म्हणजे ‘जाणणे’ या क्रियापदावर. अनुवादकाने त्या जागी ‘विश्वास ठेवणे’ असे लिहिले, तर वाक्य सुबोध होईल, पण अर्थ निसटेल. नातलग आहेत की नाहीत, असा प्रश्न कोणी विचारीत नाही. त्यांना ओळखावे आणि रीतीने वागावे, एवढेच.

हे जाणणे घरातच घडते. खासी कुळ आईकडून चालते. धाकट्या मुलीचे घर हे कुटुंबाच्या धर्मविधींचे स्थान असते, आणि विधींत मामाला मान असतो. एकाच कुळात विवाह करणे हे घोर पाप होय. मूल हे सारे पोथीतून शिकत नाही. वावरता वावरता शिकते.

१८४१ मध्ये वेल्श मिशनरी थॉमस जोन्स सोहरा, म्हणजे चेरापुंजी, येथे आले. त्यांनी खासी भाषेला रोमन लिपी दिली. मिशनच्या शाळा निघाल्या आणि घर एक सांगते, शाळा दुसरे, अशी स्थिती आली. तेव्हा जीबन रॉय यांनी १८९६ मध्ये छापखाना काढला आणि स्वधर्मावर ग्रंथ लिहिला. १८९९ मध्ये १६ तरुणांनी ‘सेंग खासी’ ही संस्था स्थापिली. जो धर्म शब्दांत मांडण्याची पूर्वी गरज नव्हती, तो आता छापावा लागला. आणि तोही मिशनने दिलेल्या लिपीत!

२०११ च्या जनगणनेनुसार मेघालयातील सुमारे तीन-चतुर्थांश लोक ख्रिस्ती आहेत. तथापि ख्रिस्ती खासी घरांतही मुलाला सामान्यतः आईचेच कुळनाव मिळते आणि सगोत्र विवाह निषिद्ध मानला जातो. प्रार्थना बदलली, नाती जाणण्याचा संस्कार टिकला.

मग श्रद्धा हा केवळ जन्माचा योगायोग मानावा काय? तसे नव्हे. एखादी श्रद्धा कोठून आली हे कळल्याने ती खरी की खोटी हे ठरत नाही. मात्र हा न्याय शेजाऱ्याच्या श्रद्धेला लावायचा, तर आपल्या श्रद्धेलाही लावला पाहिजे. अनेक धर्मांच्या या देशात ‘तुम्ही असे कसे मानता?’ या प्रश्नाआधी ‘तुमच्या घरी काय शिकविले?’ हे विचारावे. निदान तेथून संभाषण सुरू होऊ शकते.