कोणाकडे आलीस गो?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला विषय दिला आहे 'तंत्रज्ञान आणि आपला परिसर'. मी पुण्यात बावीस वर्षं सॉफ्टवेअरचं काम करते, म्हणून हा विषय माझ्या वाट्याला आला असावा. आमच्या घरी वायफाय बंद पडलं तरी मलाच हाक मारतात, तसंच हे. पण मला आज एका चालण्याबद्दल बोलायचं आहे. खरं तर दोन चालण्यांबद्दल. एक पॉम्पेईतलं आणि एक आपल्या दाभोळमधलं.

दोन वर्षांपूर्वी ऑफिसच्या कामासाठी इटलीला गेले होते. शेवटचा एक दिवस मोकळा होता. नेपल्सहून लोकल गाडी पकडून एकटीच पॉम्पेईला गेले. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलेलं ते शहर. गाइड परवडण्यासारखा नव्हता, म्हणून आदल्या रात्री मोबाइलवर ऑडिओ टूर उतरवून घेतली. कानात इअरफोन घालायचे, आवाज सांगेल तिकडे चालायचं, 'थांबा' म्हटलं की थांबायचं.

मला फार आवडलं ते. रस्त्यात मधे मधे उंच दगड बसवलेले दिसले. मला वाटलं गतिरोधक. आवाज म्हणाला, रस्त्यावरून पाणी आणि घाण वाहायची, त्यात पाय न बुडवता पलीकडे जायला हे दगड. दोन दगडांमधून गाडीची चाकं जात, त्यांच्या चाकोऱ्या आजही फरशीत खोल उतरलेल्या आहेत. पुढे एक दगडी ओटा, त्यात गोल भोकं, आत मडकी बसवलेली. हे त्यांचं खानावळीचं दुकान. एका घराच्या दाराशी जमिनीवर रंगीत खड्यांचा कुत्रा आणि खाली सूचना, कुत्र्यापासून सावध राहा. आपल्याकडच्या फाटकांवर असते तीच पाटी!

मधेच मी एक वळण चुकले. आवाज भट्टी आणि जात्यांचं वर्णन करत होता आणि मी स्नानगृहासमोर उभी होते. पाच मिनिटं मी त्या स्नानगृहात जातं शोधत होते. त्या आवाजाला विचारायची सोय नव्हती, आणि मी चुकले आहे हे त्यालाही कळायची सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी विमानाला वेळ होता म्हणून नेपल्सच्या संग्रहालयात गेले. तिथे पॉम्पेईत १९३८ साली सापडलेली एक हस्तिदंती बाहुलीएवढी मूर्ती आहे. भारतीय स्त्री, अंगभर दागिने, दोन्ही बाजूंना लहान दासी. तशाच धाटणीची हस्तिदंती मूर्ती आपल्या जालना जिल्ह्यात भोकरदनच्या उत्खननात मिळाली आहे. आपल्याकडची कारागिरी दोन हजार वर्षांपूर्वी समुद्र ओलांडून तिथपर्यंत पोचली होती. त्या काचेसमोर उभी असताना मला आपले इतिहासाचे सर आठवले आणि आठवीतली दाभोळची सहल आठवली.

सर पुढे चालत होते आणि मागे वळून बोलत होते. आपण मागे होतो, पिशवीतली बोरं वाटून खात. सर काय बोलले यातलं मला एक वाक्यही आठवत नव्हतं. हजारो मैलांवरच्या मेलेल्या शहरात मी कान टवकारून चालले, आणि घरापासून तासाभराच्या अंतरावरच्या बंदराबद्दल मला काही सांगता आलं नसतं. वर्तमानपत्रात आपल्या शाळकरी वयात 'दाभोळ' हे नाव रोज यायचं, पण ते एन्रॉनच्या वीज प्रकल्पामुळे. तो प्रकल्पही दाभोळात नव्हताच. खाडीपलीकडे, गुहागर तालुक्यात होता.

परत आल्यावर मी सरांना फोन केला. म्हटलं, "सर, दाभोळची ऑडिओ टूर करायची आहे. तुम्ही बोलाल का?" सर म्हणाले, "मला आता चालवत नाही, पण बोलवतं." दिवाळीच्या सुट्टीत दोन दुपारी मी त्यांच्या ओटीवर बसून मोबाइलवर रेकॉर्डिंग केलं. मधे कोंबडा आरवला तो तसाच ठेवला आहे.

सर आज समोर बसले आहेत, म्हणून चुकले तर ते हात वर करतीलच. तीस वर्षांपूर्वी जे ऐकलं नाही ते थोडक्यात सांगते.

वाशिष्ठीच्या मुखाशी दाभोळ. खाडीतून गलबतं आत चिपळूणच्या गोवळकोटपर्यंत जात आणि तिथून कुंभार्ली घाटाने माल कराडकडे, देशावर चढे. म्हणून हे बंदर मोठं. बहामनी काळात इथे अरबस्तानातून, खुरासानातून घोडे उतरत. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात अफनासी निकितीन नावाचा एक रशियन व्यापारी हिंदुस्थानात आला. चौलला उतरला, विकायला एक घोडा आणला होता, तो जुन्नरच्या अधिकाऱ्याने काढून घेतला, मग कसाबसा परत मिळाला. पुढे तो बीदरला राहिला आणि परतीच्या प्रवासाला जहाजात बसला ते दाभोळला. वास्को द गामा कालिकतला पोचला १४९८ मध्ये. त्याच्या आधी पंचवीसेक वर्षं एक युरोपीय माणूस आपल्या धक्क्यावरून घरी गेला होता.

मग आला १५०८ चा डिसेंबर. पोर्तुगिजांचा व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द अल्मेडा. त्याचा मुलगा त्याच वर्षी चौलच्या लढाईत मारला गेला होता. सूड घ्यायला तो निघाला होता दीवकडे, पण वाटेत दाभोळ लागलं. त्याने ते लुटलं आणि जाळलं. माणसं मारली. दीवची लढाई झाली पुढच्या फेब्रुवारीत. ज्या गावाने त्याच्या मुलाला मारलं नव्हतं त्या गावाने त्या सुडाची किंमत मोजली. हे सांगताना सर थांबले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "हे वाक्य कापू नकोस." नाही कापलं.

गाव पुन्हा उभं राहिलं. आदिलशाहीत पुन्हा बंदर वाहतं झालं. किनाऱ्याजवळची ती देखणी मशीद, मधे मोठा घुमट आणि चार मिनार, ती त्याच काळातली, १६५९ च्या सुमाराची. विजापूरची आयेशाबीबी मक्केला निघाली होती, पुढे जाता आलं नाही, तेव्हा बरोबरच्या पैशातून तिने ही बांधली अशी कथा आहे. मी रेकॉर्डिंगच्या मजकुरात लिहिलं होतं, 'आयेशाबीबीने बांधली.' सरांनी ते बदलायला लावलं. म्हणाले, "'बांधली' वेगळं आणि 'बांधली असं सांगतात' वेगळं. परीक्षेत मी याचे मार्क कापत असे." सर, माझे कापले होतेत, आठवतंय.

आता तंत्रज्ञान. मी आधी मोठं ॲप करायला घेतलं. नकाशा, उपग्रहावरून जागा ओळखणं, थांब्यापासून तीस मीटरवर आलं की आवाज आपोआप सुरू. पुण्यात सोसायटीत फिरून चाचणी घेतली, झकास चाललं. दाभोळात दोन चिऱ्याच्या भिंतींमधल्या पाखाडीत आणि माडांच्या दाट सावलीत मोबाइलला आपण कुठे आहोत हे नीट कळेना. चंडिकादेवीच्या गुहेत तर प्रश्नच नाही. तिथे समयांच्या उजेडात वाकून जायचं, रेंज कुठली? शेवटी सगळं काढून टाकलं. आता सात थांबे, सात ध्वनिफिती, क्रमांक घातलेल्या. व्हॉट्सॲपवर आधीच घ्यायच्या आणि एकामागून एक वाजवायच्या. मिळून एक्केचाळीस मिनिटं. माझ्या टीममधल्या पोरांना दाखवलं तर ती हसली. पण चालतं.

गेल्या मे महिन्यात मी त्याची पहिली पूर्ण चाचणी घेतली. धक्क्यावरून निघाले, मशीद झाली, बाजार झाला. चौथ्या फितीत माझाच आवाज म्हणाला, "इथून उजवीकडे वळा." वळले, आणि थेट एका अंगणात शिरले. आंब्याची साठं वाळत घातलेली. माझी चूक, वळण त्याच्या पुढचं होतं. कानात सरांचा आवाज घोड्यांबद्दल बोलत होता आणि समोर एक वयस्कर बाई काहीतरी म्हणत होत्या. मी इअरफोन काढले. त्या विचारत होत्या, "कोणाकडे आलीस गो?"

कोकणातला हा साधा प्रश्न. गावात परका माणूस दिसला की पहिला तोच. पॉम्पेईत मला तो कोणी विचारला नव्हता, कारण तिथे विचारायला कोणी उरलेलं नाही. मी तिथल्या घरांत बेधडक शिरले होते. आणि इथे, नांदत्या गावात, तशीच चालत होते. बोटाने घरं दाखवणारा आवाज कानात घेऊन.

मी म्हटलं, "कोणाकडे नाही, गाव बघायला आले." त्या माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांना ते उत्तर वाटलंच नसावं. मग मी आपल्या वर्गातल्या मैत्रिणीचं नाव घेतलं. ती दापोलीत मामांकडे राहून शिकायची आणि शनिवारी शाळा सुटली की एसटीने घरी जायची. बाई म्हणाल्या, "मग आधी सांगायचंस ना! तीन घरं सोडून."

यापुढचं मी मैत्रिणीच्या परवानगीने सांगते. ती आज या सभागृहात आहे.

सातवीपर्यंत ती दर ईदला आम्हा सहा जणींना घरी बोलवायची. आम्ही लहान, एवढ्या लांब कोण सोडणार, पण 'पुढच्या वर्षी नक्की' असं ठरलेलं असायचं. आठवीत सगळं ठरलं, गाडीची वेळसुद्धा. ती मार्च १९९३ ची ईद होती. त्याआधीच्या डिसेंबर-जानेवारीत मुंबईत काय झालं, मार्चमध्ये काय झालं, ते तुम्हाला सांगायला नको. दापोलीत काही झालं नाही. आम्हाला कोणी 'जाऊ नका' म्हटलं नाही. कोणी 'जाऊ या' असंही म्हटलं नाही. आम्ही गेलो नाही. सोमवारी ती शाळेत आली, तिने विचारलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही. त्यानंतर तिने कधी बोलावलं नाही.

तिची आई घरी होती. मी माझं नाव सांगितलं, माहेरचं. त्यांनी मला आत नेलं, पाणी दिलं, तांदळाची भाकरी खाल्ल्याशिवाय उठू दिलं नाही. मैत्रीण मुंब्र्याला शिक्षिका आहे, तिला व्हिडिओ कॉल लावला. ती म्हणाली, "इतक्या वर्षांनी आलीस आणि मी घरी नाही!" फोन ठेवल्यावर तिची आई सहज म्हणाली, "त्या वर्षी शीरखुर्म्याच्या सहा वाट्या मी काढून ठेवल्या होत्या. संध्याकाळपर्यंत तशाच ठेवल्या, एसटी उशिरा आली असेल म्हणून."

सहा. आकडा त्यांच्या लक्षात होता. मला काही बोलता आलं नाही. आज या व्यासपीठावरून, त्या पाच जणींच्या वतीने नाही, माझ्या एकटीच्या वतीने मी तिला सांगते: आम्ही यायला हवं होतं.

त्या चाचणीनंतर मी टूरमध्ये दोन बदल केले. पहिली फीत आता अशी सुरू होते: 'या गावात माणसं राहतात. रस्त्यात कोणी भेटलं तर इअरफोन काढा. कोणाकडे आलात असं विचारलं तर नीट उत्तर द्या.' आणि चौथी फीत आता माझ्या आवाजात नाही. ती माझ्या मैत्रिणीच्या आवाजात आहे, तिच्या घरच्या बोलीत. धक्क्यावर तिचे आजोबा काय करत, पावसाळ्यात खाडीचा आवाज घरात कसा येतो, एवढंच ती सांगते. सातही फितींमध्ये लोकांना तीच सगळ्यात आवडते. सर, तुमच्यापेक्षाही.

आता तुमच्याकडे एक मागणं आहे, आणि वर्गणी नाही, घाबरू नका. पुढचं चालणं पन्हाळेकाजीचं करायचं आहे. कोटजाई नदीकाठची ती २९ लेणी. आधी बौद्ध, मग शैव, गाणपत्य, नाथपंथी. एकाच कातळात सगळे एकामागून एक राहून गेले. प्रणालक नावाचं नगर होतं ते. बाराव्या शतकातल्या शिलाहार राजाच्या ताम्रपटावरून हे नाव आपल्याला कळतं. तिथल्या मूर्तींबद्दल पुस्तकातून वाचून मी सांगू शकेन. पण त्या वाटेवरचा पऱ्या कधी भरतो, जत्रेला कोण कुठून येतं, हे मला पुस्तकात मिळणार नाही. तुमच्यापैकी ज्यांचं घर त्या बाजूला आहे, हर्णैला आहे, मुरुडला, आसूदला आहे, त्यांनी घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसासमोर मोबाइल ठेवा आणि दहा मिनिटं बोलू द्या. आवाज स्वच्छ आला नाही तरी चालेल. कोंबडा चालेल. बाकीची जुळवाजुळव मी करते, तेवढं शिक्षण या शाळेने आणि पुढच्या कॉलेजने मला दिलं आहे.

उद्या सकाळी साडेसातला एसटी स्टँडवरून दाभोळला जायचं ठरलं आहे. अकरा नावं आली आहेत. सरांसाठी रिक्षा सांगितली आहे. इअरफोन आणा, पण आणले नाहीत तरी चालेल. दुपारचं जेवण मैत्रिणीच्या घरी आहे. तिच्या आईने विचारलंय नक्की किती जण, वाट्या मोजून ठेवायच्या आहेत. या वेळी नाव दिलं असेल त्याने यायचं.